डब्यातले तूप, रक्तातला मेद

आमच्या बऱ्हाणपूरच्या घरात माळ्यावर पत्र्याचा एक जुना डबा आहे. त्यावरचा रंग कधीच उडाला. तो कोणत्या कंपनीचा होता हे आता वाचता येत नाही, पण वनस्पती तुपाचा होता एवढे घरात सर्वांना ठाऊक आहे. तूप संपल्यावर त्यात काही वर्षे हरभऱ्याची डाळ राहिली, मग शिवणकामाच्या चिंध्या राहिल्या, आणि आता दिवाळीच्या पणत्या राहतात. दरवर्षी वसुबारसेच्या आदल्या दिवशी मी तो खाली काढतो. गेल्या वर्षी तो हातात देताना आई एकाएकी म्हणाली, "भाऊ, याच डब्यातलं मी त्यांना खाऊ घातलं. त्यानंच गेले ना रे ते?"

'ते' म्हणजे माझे वडील. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. ते १९८४ साली गेले, तेव्हा त्यांना सेहेचाळीसावे वर्ष होते. आई आज ऐंशीच्या पुढे आहे. वनस्पती तूप हृदयाला वाईट असे तिने कुठेतरी दूरदर्शनच्या पडद्यावर ऐकले, आणि चाळीस वर्षे जुन्या एका दुःखाला तिच्या मनात एकदम नवे कारण मिळाले. इतिहासात एम. ए. झालेला, आयुष्य शिकवण्यात गेलेला मी, पण तिच्या प्रश्नाला मला उत्तर देता आले नाही. पुढचे वर्ष मी त्या उत्तराच्या शोधात घालवले. आपल्या सीमाभागातल्या अनेक घरांत असाच एखादा डबा आणि असाच एखादा प्रश्न असेल, म्हणून ही हकिगत येथे मांडतो.

चरबी आणि चर्बी

मी धूलकोटच्या एका हायस्कूलचा मुख्याध्यापक आहे. धूलकोट हे आमच्या जिल्ह्यातले, सातपुड्याच्या अंगाखांद्यावरचे गाव. विद्यार्थी बहुतेक आदिवासी, शाळेची भाषा हिंदी, आणि बऱ्हाणपूरहून ये-जा करणाऱ्या आम्हा काही शिक्षकांच्या घरची भाषा मराठी. काही वर्षांपूर्वी आमचे गणिताचे एक सहकारी अचानक गेले. शरीराने किडकिडीत, शाकाहारी, सुपारीचे खांडही तोंडात न टाकणारे. सायंकाळी छातीत जळजळ होते म्हणाले. कोणी ओवा दिला, कोणी सोडा दिला. रात्री गाडी करून बऱ्हाणपूरला निघाले ते रुग्णालयाच्या दारापर्यंतच पोहोचले.

त्या धक्क्याने आम्ही सर्व शिक्षकांनी रक्त तपासून घेतले. माझे वजन तेव्हा अठ्ठावन्न किलो. 'तुम्हाला काय होणार?' असे सगळे म्हणत होते. अहवाल आला तो असा : एकूण कोलेस्टेरॉल २३८, एचडीएल ३६, ट्रायग्लिसराइड २१५, एलडीएल १५९. डॉक्टर हिंदी भाषिक. त्यांनी समजावले, "मास्टरजी, आपके खून में चर्बी ज्यादा है." घरी येऊन मी ते तसेच सांगितले. आई माळकरी. ती चमकून म्हणाली, "आपल्या घरात कधी चरबी शिजली नाही. मग रक्तात कुठून येईल?"

दोन भाषांत राहणाऱ्या घरांत शब्द असे घोटाळे करतात. आपल्या मराठीत चरबी म्हणजे प्राण्याची; तेल आणि तूप हे वेगळे, सोवळ्यातले. पण आईच्या भाबड्या प्रश्नात एक खरी शंका होती. कोलेस्टेरॉल हा पदार्थ वनस्पतीत नगण्यच असतो. भुईमूग, करडई, तीळ, सरकी यांच्या तेलात तो मोजण्यासारखा नसतोच. म्हणून तेलाच्या पिशवीवर 'कोलेस्टेरॉलमुक्त' असे ठळक छापणे म्हणजे मिठाच्या पुडीवर 'साखरमुक्त' असे छापण्यासारखे आहे. मग शाकाहारी माणसाच्या रक्तात तो वाढतो कसा? उत्तर असे की, त्याचा मोठा भाग आपले यकृतच तयार करते. पेशींची आवरणे, पित्त, काही संप्रेरके आणि ड जीवनसत्त्व यांसाठी शरीराला तो हवाच असतो. यकृत किती तयार करते आणि रक्तातून परत किती उचलते, हे काही अंशी वंशावर ठरते आणि काही अंशी आपण कोणता मेद किती खातो यावर. डब्याचा इतिहास इथेच रक्ताच्या इतिहासाला येऊन मिळतो.

घाण्यापासून डब्यापर्यंत

तापीच्या खोऱ्यात आमच्या आजोबांच्या काळी तेल घाण्याचे होते. तीळ, करडई, जवस आणि पुढे भुईमूग. डोंगरातल्या वस्त्यांत मोहाच्या बियांचे तेल निघे. थंडीत ते थिजून पांढरे होई. सरकी गुराढोरांपुढे जाई. तूप घरच्या दुभत्याचे, आणि तेही सणावाराला किंवा वरणभातावर चमचाभर. हा काळ फार आरोग्यदायी होता असे मी म्हणणार नाही; माणसे तापाने, पटकीने, बाळंतपणात मरत. पण एक गोष्ट खरी की, मेद महाग होता आणि अंगमेहनत फुकट होती.

हे गणित बदलण्याची सुरुवात युरोपात झाली. पातळ तेल तापवून, निकेल धातूच्या भुकटीच्या साहाय्याने त्यात हायड्रोजन वायू सोडला की ते तुपासारखे घट्ट होते. या प्रक्रियेचे पेटंट जर्मन रसायनज्ञ विल्हेल्म नॉर्मन यांनी १९०२ साली घेतले. हे घट्ट तेल हिंदुस्थानात प्रथम हॉलंडहून आयात होई. १९३२ च्या सुमारास मुंबईत शिवडीला त्याचा कारखाना उभा राहिला, आणि १९३७ साली 'डालडा' हे नाव बाजारात आले. ते नाव इतके रुजले की, कोणत्याही कंपनीच्या वनस्पती तुपाला आपली माणसे डालडाच म्हणू लागली.

आमच्या खानदेशाचा या इतिहासातला वाटा थोडाथोडका नाही. १९४५ च्या डिसेंबरात अमळनेर येथे मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' ही कंपनी स्थापन केली. खानदेशात पिकणाऱ्या शेंगदाण्याचे तेल आणि त्यापासून 'सनफ्लॉवर' वनस्पती हा तिचा मुख्य व्यवसाय. प्रेमजी १९६६ साली वारले आणि त्यांचे एकवीस वर्षांचे चिरंजीव अझीम अमेरिकेतील शिक्षण सोडून परतले. तीच कंपनी पुढे 'विप्रो' या नावाने संगणकाच्या क्षेत्रात जगभर गेली. ज्या गावात साने गुरुजींनी शिकवले, त्याच गावात हेही घडले. शेतकऱ्याच्या शेंगेला भाव, तरुणांना काम आणि गरिबाच्या ताटात स्निग्धता या तिन्ही गोष्टी वनस्पती तुपाच्या धंद्याने दिल्या. ज्या घरात साजूक तूप परवडत नव्हते तेथे लेकीच्या लग्नाचे लाडू याच तुपात वळले गेले. हे विसरून आज त्या डब्याला केवळ शिव्या देणे इतिहासाला धरून होणार नाही.

शुद्धतेचे वेड

वनस्पती तुपाला विरोध झाला नाही असेही नाही. गांधीजींनी 'हरिजन'मधून त्याविरुद्ध लिहिले. स्वातंत्र्यानंतर त्यावर बंदी घालावी अशी मागणी वारंवार झाली. पण त्या वादाचा मुख्य मुद्दा पाहिला तर मौज वाटते. हे तूप साजूक तुपात मिसळून लोकांची फसवणूक होते, हा आक्षेप सर्वांत मोठा होता. सरकारने त्यावर तोड काढली ती अशी की, वनस्पती तुपात पाच टक्के तिळाचे तेल मिसळणे सक्तीचे केले. तिळाच्या तेलावर एका रासायनिक कसोटीत लालभडक रंग चढतो. साजूक तुपाच्या नमुन्यात तो रंग आला की भेसळ उघडी पडते. तसेच त्यात अ जीवनसत्त्व घालणे बंधनकारक झाले. दोन्ही उपाय आपापल्या जागी योग्यच होते.

पुढे १९८३ साली वनस्पती तुपात गायीची चरबी मिसळल्याच्या बातम्यांनी सारा देश हादरला. संसदेत गदारोळ झाला आणि चरबीच्या आयातीवर बंदी आली. मी तेव्हा शाळकरी मुलगा होतो. आईने डबा दोन महिने शिवला नव्हता, हे मला पक्के आठवते. देवघराजवळच्या फळीवरून तो खाली गेला, आणि वर्तमानपत्रे शांत झाल्यावर पुन्हा वर आला. पुढच्याच वर्षी अण्णा गेले.

या सर्व काळात आपण, आपले पुढारी आणि आपले कायदे एकच प्रश्न विचारत होतो : हे शुद्ध आहे का? पूर्णपणे शुद्ध, बिनभेसळ, कायद्याला उतरणाऱ्या डब्यात काय आहे, आणि ते रोज किती खावे, हा प्रश्न बहुधा कोणाला सुचलाच नाही. तेल घट्ट करण्याच्या त्या प्रक्रियेत 'ट्रान्स फॅट' नावाचा एक प्रकारचा मेद तयार होतो. काही नमुन्यांत त्याचे प्रमाण तिसऱ्या हिश्शाहूनही अधिक असे. १९९० साली हॉलंडमधील मेन्सिंक आणि कातान या संशोधकांनी ५९ निरोगी माणसांना प्रत्येकी तीन-तीन आठवडे वेगवेगळ्या मेदांचा आहार देऊन रक्त तपासले. ट्रान्स फॅटने रक्तातले घातक एलडीएल वाढते आणि हितकारक एचडीएल घटते, असे त्यांना आढळले. जे तूप आपल्याकडे प्रथम हॉलंडहून आले, त्याचा दोषही हॉलंडमध्येच उघड व्हावा हा एक योगायोग. डेन्मार्कने २००३ साली त्यावर कडक मर्यादा घातली. आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तेल-तुपातील ट्रान्स फॅटची मर्यादा २०२१ साली तीन टक्के आणि २०२२ पासून दोन टक्के केली. शिवडीच्या कारखान्यापासून मोजले तर या दोन टक्क्यांपर्यंत यायला देशाला नव्वद वर्षे लागली.

सशापासून बुरशीपर्यंत

कोलेस्टेरॉलची स्वतःची कथा याहून जुनी आहे. पित्ताशयातल्या खड्यांत सापडणाऱ्या मेणचट पदार्थाला एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात शेव्ह्रल या फ्रेंच रसायनज्ञाने ग्रीक भाषेतील 'पित्त' आणि 'घन' या शब्दांवरून नाव दिले. १९१३ साली रशियातील निकोलाय अनिच्कोव्ह यांनी सशांना सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेले कोलेस्टेरॉल खाऊ घातले, तेव्हा त्यांच्या रक्तवाहिन्यांत थर साचले. ससा हा शाकाहारी प्राणी, त्याचे माणसाला कसे लागू पडेल, म्हणून बऱ्याच जणांनी ते बाजूला सारले. १९४८ साली अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या लहान गावातील ५,२०९ स्त्रीपुरुषांची नियमित तपासणी सुरू झाली. कोणाला हृद्रोग होतो हे वर्षानुवर्षे पाहिल्यावर उच्च रक्तदाब, धूम्रपान आणि वाढलेले कोलेस्टेरॉल ही त्रयी पुढे आली.

मेद पाण्यात मिसळत नाही, तसा रक्तातही मिसळत नाही. त्याला प्रथिनांच्या गाडीत बसवून न्यावे लागते. एलडीएल ही माल पोहोचवणारी गाडी. तिची गर्दी झाली की माल रस्त्यातच, म्हणजे धमनीच्या भिंतीत सांडत राहतो. एचडीएल ही परतीची गाडी. ती उरलेला माल यकृताकडे आणते. एलडीएलची गाडी यकृत कोणत्या दाराने आत घेते हे ब्राऊन आणि गोल्डस्टाइन या अमेरिकी डॉक्टरांनी शोधले, आणि १९८५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. काही कुटुंबांत ही दारेच जन्मतः कमी असतात. अशा घरांत तिशी-चाळिशीतली माणसे जातात, आणि लोक त्याला नशीब म्हणतात.

औषधाचा शोध मात्र एका शेतकऱ्याच्या मुलाने लावला. जपानचे अकिरा एंडो यांनी हजारो बुरशा तपासल्या. १९७३ साली क्योटोच्या एका दुकानातील तांदळावरच्या निळसर बुरशीत त्यांना यकृताची कोलेस्टेरॉल-निर्मिती रोखणारे द्रव्य सापडले. त्यातून 'स्टॅटिन' वर्गाची औषधे आली, आणि १९८७ साली अमेरिकेत पहिले स्टॅटिन विक्रीस आले. १९९४ साली स्कँडिनेव्हियातील ४,४४४ हृद्रोग्यांवरील चाचणीत स्टॅटिनने मृत्यूंचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांनी घटले. अण्णा दहा वर्षे आधी गेले.

येथे आयुर्वेदाची आठवण होणे स्वाभाविक आहे. चरकसंहितेत अतिस्थूल माणसाची गणना आठ निंदित पुरुषांत केली आहे, आणि सुश्रुतसंहितेत मेदोरोगावर गुग्गुळ सांगितला आहे. त्यावरून १९६६ साली बनारस हिंदू विश्वविद्यालयात डॉ. सत्यवती यांनी सशांवर गुग्गुळाचे प्रयोग केले. आपल्या ग्रंथातले वचन प्रयोगशाळेत तपासण्याचा तो अभिमानास्पद प्रयत्न होता. तथापि २००३ साली अमेरिकेत माणसांवर झालेल्या चाचणीत गुग्गुळाने एलडीएल कमी न होता किंचित वाढलेच. दोन्ही गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. गुग्गुळाच्या भरवशावर डॉक्टरांची गोळी सोडणे धोक्याचे आहे.

किडकिडीत माणसाचा मेद

चरकाचा तो स्थूल पुरुष आपल्या डोक्यात असा बसला आहे की, बारीक माणसाला मेदाचा विकार होईल हे आपल्याला पटतच नाही. याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रातून आले. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचे आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचे शेजारी-शेजारी छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचा एकच, २२.३. पण शरीरातील मेद युडकिन यांचा ९.१ टक्के आणि याज्ञिकांचा २१.२ टक्के! पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मणारी बालके सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधील ३.५ किलोची, पण आपल्या बाळांच्या शरीरात स्नायू कमी आणि मेद मात्र टिकवून धरलेला, असेही त्यांच्या अभ्यासात दिसले. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अर्धपोटी संसाराची ही खूण असावी.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीत (२०१४) महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड आणि चंडीगड येथील प्रौढांचे रक्त तपासले गेले. दर शंभरांत सुमारे एकोणऐंशी जणांच्या रक्तमेदात काही ना काही दोष निघाला. एकूण कोलेस्टेरॉल वाढलेले केवळ चौदा, ट्रायग्लिसराइड वाढलेले सुमारे तीस, पण एचडीएल कमी असलेले बहात्तर! म्हणजे केवळ 'कोलेस्टेरॉल किती?' असे विचारून आपले भागत नाही. ट्रायग्लिसराइड तेलाइतकेच साखरेने, मैद्याने, भाताच्या ढिगाने आणि दारूने वाढते. आमच्या बऱ्हाणपूरची मावा जलेबी आणि दराबा यांचा मला अभिमान आहे. मुंबईतही आमच्या गावाच्या नावाने जलेबी विकली जाते. पण त्या एका घासात तूप, मावा आणि साखर तिन्ही एकत्र येतात, हेही मुख्याध्यापक या नात्याने सांगितले पाहिजे.

'आपले पूर्वज वाटीभर साजूक तूप खात आणि शंभर वर्षे जगत' हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. त्याच्या समर्थनार्थ काही जण १९६७ सालच्या डॉ. मल्होत्रा यांच्या अभ्यासाचा दाखला देतात. हे रेल्वेचे वैद्यकीय अधिकारी. देशभरच्या रेल्वे कर्मचाऱ्यांत तूप जास्त खाणाऱ्या उत्तरेत हृद्रोग कमी आणि बियांचे तेल खाणाऱ्या दक्षिणेत कितीतरी जास्त, असे त्यांना आढळले होते. निरीक्षण मोलाचे होते. परंतु दोन प्रदेशांत केवळ मेदाचा फरक नसतो. काम, वंश, खाण्याची पद्धत सगळेच वेगळे असते. नंतरच्या नियंत्रित प्रयोगांत तुपासारखा संपृक्त मेद एलडीएल वाढवतो असेच दिसले. पामतेलातही निम्म्याच्या आसपास संपृक्त मेद असतो. वरणभातावरचा चमचा कोणी हिरावून घेत नाही. तो हिशेबात धरायचा एवढेच.

तीन किलोचा हिशेब

धूलकोटच्या बाजारात आज तेलाच्या पिशव्या माळांसारख्या टांगलेल्या दिसतात. कढया दिवसभर उकळतात, आणि सकाळचेच तेल संध्याकाळी काळे होऊनही भजी तळत राहते. नीती आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार देशात दरडोई खाद्यतेलाचा वापर वर्षाला १९.७ किलो आहे, म्हणजे रोज सुमारे ५४ ग्रॅम. बैठे काम करणाऱ्या माणसाला याच्या निम्म्याने पुरते. रोज पंचवीस ग्रॅम धरले तर चौघांच्या घराला महिन्याला तीन किलो. एका लिटरच्या पिशवीत ९१० ग्रॅम तेल असते. म्हणजे सव्वातीन पिशव्या, आणि त्यातच तूपही आले. आमच्या घरी महिन्याला सहा पिशव्या लागत होत्या! आता पहिल्या तारखेला महिन्याचे तेल एका बरणीत भरतो. शेंगदाणा, करडई, सोयाबीन आलटून-पालटून. तळलेले तेल पुन्हा तळणाला नाही. ज्वारीची भाकरी, डाळी, पालेभाज्या, मूठभर शेंगदाणे किंवा जवसाची चटणी, आणि रोज अर्धा-पाऊण तास झपाझप चालणे. याने ट्रायग्लिसराइड उतरते आणि एचडीएल थोडे सुधारते. तंबाखू आणि विडीला यात कोणतीही सूट नाही.

अहवाल कसा वाचावा हेही सांगतो. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा, ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करा, उरते ते एलडीएल. माझे २३८ वजा ३६ वजा ४३, म्हणजे १५९. (ट्रायग्लिसराइड चारशेच्या वर असेल तर ही रीत चालत नाही, आणि पाचशेच्या वर असेल तर स्वादुपिंडाला सूज येण्याचे भय, म्हणून तातडीने डॉक्टर गाठावा.) भारतीय हृद्रोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ साली सांगितल्याप्रमाणे एलडीएल सर्वसामान्य माणसाचे शंभरच्या खाली, मधुमेह वा उच्च रक्तदाब असणाऱ्याचे सत्तरच्या खाली, आणि हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्याचे पंचावन्नच्या खाली असावे. पहिली तपासणी अठराव्या वर्षीच करावी, आणि घरात कोणी लवकर गेले असेल तर त्याहूनही आधी. मधुमेह, थायरॉइडची कमतरता, मूत्रपिंडाचे विकार यांनीही आकडे बिघडतात. म्हणून गोळी कोणती, किती, हे डॉक्टरांनीच ठरवायचे.

आता माझी चूक. आहार सुधारला, स्टॅटिनची गोळी सुरू झाली, आणि तीन महिन्यांत एलडीएल ८४ वर आले. मला वाटले, झाले बरे. 'आयुष्यभर गोळी कशाला, लिव्हर खराब होते' असे सांगणारे चार जण भेटलेच. डॉक्टरांना न विचारता मी गोळी बंद केली. आठ महिन्यांनी एलडीएल पुन्हा १५१! अहवाल चांगला आला होता तो गोळी चालू होती म्हणून, हे साधे कार्यकारण मला, विद्यार्थ्यांना कारणे-परिणाम घोकवणाऱ्या मास्तरला, कळले नव्हते. या गोळीने काहींचे स्नायू दुखतात, क्वचित यकृताच्या चाचण्या बिघडतात. गरोदरपणात ती सहसा देत नाहीत. त्रास झाला तर डॉक्टर मात्रा किंवा औषध बदलतात. परस्पर बंद करणे हा उपाय नव्हे.

आईला दिलेले उत्तर

हे सगळे वाचून, विचारून मी यंदा आईपुढे बसलो. तिला म्हणालो, "आई, १९८४ साली त्या डब्यात काय आहे हे तुला ठाऊक नव्हते, आपल्या गल्लीतल्या डॉक्टरांना नव्हते, दिल्लीतल्या सरकारलाही नव्हते. तो शोध अण्णा गेल्यावर सहा वर्षांनी लागला. अण्णांचे थोरले भाऊही पन्नाशीत गेले, म्हणजे वंशाचाही भाग असेल. दिवसाला दोन बंडल विड्या होत्या. रक्त कधी तपासले नव्हते, रक्तदाब मोजला नव्हता. आदल्या संध्याकाळी छातीत दुखले ते आपण सर्वांनी गॅस म्हणून सोडून दिले. डब्याचा वाटा असेलही, पण तो किती हे आज कोणालाही वजन करून सांगता येणार नाही. आणि तुझा दोष तर मुळीच नाही."

आईने सगळे ऐकून घेतले. डबा मांडीवर घेऊन तिने एकेक पणती पुसली. मग शांतपणे म्हणाली, "आम्हाला ठाऊक नव्हतं. तुला तर ठाऊक होतं. मग तू गोळी का सोडली होतीस?"

यावर मी काय बोलणार? पिढ्यांचा न्याय करायला निघालेल्या इतिहासाच्या मास्तराला तिने एका प्रश्नात आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले.

माझा मुलगा चोवीस वर्षांचा आहे, नोकरीनिमित्त बाहेरगावी असतो. त्याला दिवाळीला येण्यापूर्वीच रक्त तपासून यायला सांगितले. त्याचे एलडीएल १४२ निघाले. तो आजोबांचा नातू आहे, हे कागदावर लिहून आले. डॉक्टरांकडे आम्ही बापलेक बरोबर जाणार आहोत.

वाचकहो, आपल्या भागात लक्ष्मीपूजनाला नव्या वहीची पूजा होते. यंदा आमच्या घरी त्या वहीच्या पहिल्या पानावर, श्री लिहून झाल्यावर, घरातील प्रत्येक प्रौढाचे नाव आणि त्यापुढे चार रकाने आखले आहेत : एकूण कोलेस्टेरॉल, एलडीएल, एचडीएल, ट्रायग्लिसराइड. खाली एक ओळ आहे, 'छातीत, जबड्यात, डाव्या हातात दुखले, घाम फुटला, तर ओवा-सोडा नको. १०८ ला फोन.' करंज्या या वर्षीही झाल्या. फक्त त्या मोजून झाल्या, आणि त्यांचे तेल महिन्याच्या बरणीतूनच काढले. आईने स्वतःच्या नावापुढचे रकाने रिकामे पाहून विचारले, "माझं कधी?" तिची तपासणी भाऊबीजेनंतरच्या पहिल्या सोमवारी ठरली आहे.